रॅम घेण्याआधी मदरबोर्डाला विचारा

‘आठ जीबीची रॅम द्या’ एवढंच सांगितलं, तर दुकानदाराने नेमकं काय काढून द्यायचं? आठ जीबीची पट्टी डीडीआर३मध्ये मिळते, डीडीआर४मध्ये मिळते आणि डीडीआर५मध्येही मिळते; या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या. लॅपटॉपची वेगळी, सर्व्हरची वेगळी. यातली एखादीच तुमच्या डेस्कटॉपला चालणार. बाकीच्यांपैकी काही स्लॉटमध्ये बसणारच नाहीत. ते एका अर्थी बरं. काही मात्र व्यवस्थित बसतील, क्लिपाही लागतील, आणि बटण दाबल्यावर पंखा फिरेल पण स्क्रीन काळीच राहील.

रॅम घेताना आपलं लक्ष असतं कंपनीवर, किमतीवर आणि खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर. कोणती पट्टी चालणार हे मात्र मदरबोर्ड आणि प्रोसेसर ठरवतात. त्यांना विचारायला पैसे पडत नाहीत. बजेट बेताचं असेल तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी, आणि वेगाच्या आकड्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागायला हवा.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दोन यंत्रं आहेत. एक, ऑफिसांतून निघालेला आणि रिफर्बिश्ड म्हणून विकला जाणारा डेल, एचपी किंवा लेनोवोचा डेस्कटॉप. दुसरं, चार-पाच वर्षांपूर्वी गल्लीतल्या दुकानातून असेंबल करून घेतलेला पीसी. थोड्या पैशांत रॅम वाढवण्याचा प्रश्न बहुतेक वेळा यांच्याच बाबतीत येतो.

आधी बघा, रॅमच कमी पडतेय का

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की ‘रॅम वाढवा’ हा सल्ला सगळेच देतात, आणि निम्म्या वेळा तो चुकीचा असतो. रोजचं काम नेहमीसारखं उघडा: ब्राउझरचे टॅब, टॅली, एक्सेल, व्हॉट्सॲप, जे काय असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. आठ जीबीपैकी पाच वापरात असतील तर आणखी आठ घालून फरक पडणार नाही. तिथेच डिस्कचा आलेख बघा. यंत्रात अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि ती काही न करता शंभर टक्क्यांवर जाऊन बसत असेल, तर तुमचे पैसे आधी एसएसडीत, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये, जायला हवेत. तो फरक डोळ्यांना दिसतो.

उलट, मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर चिकटली असेल आणि एका टॅबवरून दुसऱ्यावर जाताना यंत्र अडखळत असेल, तर रॅम खरोखरच अपुरी आहे. अशा वेळी विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून ठेवते आणि लागेल तेव्हा परत वर आणते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू असल्यामुळे ती ये-जा आपल्याला जाणवते. आज ब्राउझर आणि ऑफिसच्या कामाला आठ जीबी किमान धरा, सोळा असतील तर निवांत. व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांनी बत्तीसचा विचार करावा. विंडोज ११ची अधिकृत किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर ती चालते म्हणण्यापेक्षा रेटते.

एक किरकोळ शंका इथेच मिटवून टाकतो. आठ जीबी लावून ‘७.४ यूजेबल’ असं दिसलं तर कुणी फसवलेलं नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स थोडी रॅम स्वतःसाठी बाजूला काढतं. मात्र आठ जीबी लावून साधारण तीनच वापरता येतात असं दिसलं, तर विंडोज ३२-बिट आहे का ते तपासा. ती चार जीबीपलीकडे जात नाही आणि उरलेली रॅम नुसती पडून राहते.

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ असते. दोनपैकी एक भरलेला आहे की दोन्ही, यावर बरंच काही ठरतं. अधिक तपशील हवा तर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाका. मेनबोर्ड टॅबवर बोर्डाचं नाव आणि मॉडेल मिळतं, मेमरी टॅबवर रॅमचा प्रकार, आणि एसपीडी टॅबवर एकेका पट्टीची कुंडली: कंपनी, पार्ट नंबर, बऱ्याचदा कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात बनली तेही. मेमरी टॅबवर १६००च्या रॅमचा वेग ८००च्या आसपास दिसला तर घाबरू नका. डीडीआरमध्ये घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो. सीपीयू-झेड ठोके दाखवतं आणि खोक्यावर दुप्पट आकडा छापतात.

पिढी चुकली की सगळं चुकलं

डीडीआर३ बाजारात आली २००७मध्ये, डीडीआर४ २०१४मध्ये. डीडीआर५चं प्रमाण २०२०मध्ये जाहीर झालं आणि घरगुती डेस्कटॉपमध्ये ती आली २०२१च्या अखेरीस, इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर. एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये जात नाही, कारण खालच्या सोनेरी कडेला असलेली खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असतात, म्हणून लांबून सारख्या दिसतात, पण खाच जुळत नाही. पट्टी सहज जात नसेल तर जोर लावू नका. अडवण्यासाठीच ती खाच आहे.

विजेचा दाबही वेगळा आहे. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर४ १.२वर आणि डीडीआर५ १.१वर. मध्ये डीडीआर३एल नावाचा एक उपप्रकार येऊन गेला, १.३५ व्होल्टचा. बजेटवाल्यांनी हा नीट लक्षात ठेवावा. डीडीआर३एलची पट्टी गरज पडली तर १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून जुन्या डीडीआर३ बोर्डात ती निर्धास्त लावता येते. उलटं मात्र करू नये. इंटेलच्या सहाव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर३एलवर चालतात, आणि तिथे साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ लावणं प्रोसेसरच्या तब्येतीला बरं नाही, असं इंटेलचंच म्हणणं आहे. दुकानात दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर डोळे झाकून एल घ्या.

आता आपल्या यंत्राला कोणती पिढी लागते? इंटेलचा प्रोसेसर दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा असेल, म्हणजे आय५-२४००, आय३-३२२०, आय५-४५७० वगैरे, तर डीडीआर३. सहाव्या-सातव्यात बहुतेक ठिकाणी डीडीआर४, पण अपवाद आहेत. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०४० आणि ऑप्टिप्लेक्स ७०४० दोन्ही सहाव्या पिढीचे. पहिल्याला डीडीआर३एल लागते, दुसऱ्याला डीडीआर४. त्यामुळे ‘सहावी जनरेशन आहे’ एवढ्यावर रॅम मागवू नये. आठव्यापासून अकराव्यापर्यंत डीडीआर४ धरून चाला. बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी दोन्ही बाजूंना आहे: प्रोसेसर डीडीआर४ही घेतो आणि डीडीआर५ही, पण बोर्डावर स्लॉट सहसा यांपैकी एकाच प्रकारचे असतात. एएमडीचं त्या मानाने सरळ आहे. एएम४ सॉकेटचे सगळे रायझन डीडीआर४वर, एएम५चे सगळे डीडीआर५वर.

बोर्डाचं मॉडेल कळलं की कंपनीच्या साइटवर त्याच्या स्पेसिफिकेशनचं पान उघडा आणि तीनच गोष्टी टिपून घ्या: रॅमचा प्रकार, स्लॉट किती, आणि एकूण जास्तीत जास्त किती जीबी. ब्रँडेड डेस्कटॉपसाठी मॉडेलच्या नावावरून मॅन्युअल मिळतं. उदाहरणार्थ ऑप्टिप्लेक्स ३०२०: चौथी पिढी, दोन स्लॉट, डीडीआर३-१६००, कमाल १६ जीबी. म्हणजे आठ-आठच्या दोन पट्ट्या, त्यापुढे वाट नाही. त्यातही छोट्या डब्यासारखं मायक्रो मॉडेल असेल तर त्याला लॅपटॉपची आखूड पट्टी लागते, सोडिम नावाची. बहुतेक ऑल-इन-वन आणि मिनी पीसींचं तसंच असतं. कॅबिनेटचा आकार बघूनच ही शंका यायला हवी.

बोर्ड कंपन्या तपासलेल्या पट्ट्यांची यादीही देतात. यादीत असलेली पट्टी मिळाली तर उत्तम. नसलेली चालणार नाही असा मात्र त्याचा अर्थ नाही. बाजारातली प्रत्येक पट्टी कुणी तपासत बसत नाही.

स्टिकर वाचायला शिका

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत काउंटरवर जुन्या पट्ट्यांचा ढीग पुढे आला, की आपल्या हातात त्या पट्टीवरचा पांढरा स्टिकर तेवढा असतो. त्यावर साधारण असं काहीतरी छापलेलं असतं: ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२-११’. अगम्य वाटतं, पण जवळपास सगळं उत्तर त्या एका ओळीत आहे.

‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. तिथे ‘पीसी३’ असेल तर डीडीआर३, ‘पीसी३एल’ असेल तर कमी व्होल्टची. पुढचा २६६६ हा वेग. डीडीआर३च्या पट्ट्यांवर वेग वेगळ्या तऱ्हेने लिहितात, ‘पीसी३-१२८००’ असा. हा आकडा आहे सेकंदाला किती मेगाबाइट जातील त्याचा. आठने भागला की ओळखीचा १६०० मिळतो. तसंच १०६०० म्हणजे १३३३. १२८००ची पट्टी १६००पेक्षा आठपट वेगवान आहे असं सांगून विकणारा भेटला तर पुढच्या दुकानात जा.

वेगानंतरच्या आडव्या रेषेपुढचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या ओळीत ‘यूए२’ मधला यू. यू म्हणजे साधी डेस्कटॉपची रॅम, हीच आपली. एस असेल तर लॅपटॉपची. आर असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, आणि ती साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. डीडीआर३च्या स्टिकरवर हेच अक्षर आकड्याला चिकटून येतं: १२८००यू, १२८००एस, १२८००आर.

या आर अक्षराने बऱ्याच जणांना गंडवलं आहे. डेटा सेंटरमधले जुने सर्व्हर मोडीत निघतात आणि त्यांतल्या सोळा-सोळा जीबीच्या पट्ट्या डेस्कटॉपच्या पट्टीपेक्षा बऱ्याच स्वस्तात बाजारात येतात. डीडीआर३ आणि डीडीआर४मध्ये सर्व्हरची पट्टी डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसतेही, खाच अडवत नाही, आणि मग स्क्रीन येत नाही. झिऑन हे इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर आणि एक्स७९ किंवा एक्स९९च्या चिनी बोर्डांवर संसार मांडणारे लोक ही रॅम मुद्दाम शोधतात. त्यांना ती लाभते, आपल्याला नाही.

राहिलं ‘१आरएक्स८’. पहिला आकडा रँकचा, म्हणजे चिपांचे गट किती. एक्सनंतरचा आकडा प्रत्येक चिप एका वेळी किती बिट देते त्याचा. एक्स८ ही नेहमीची. एक्स१६ असेल तर पट्टीवर मोजून चारच चिप दिसतील. ती चालते, पण डीडीआर४मध्ये थोडी मागे पडते. त्याच भावात एक्स८ मिळत असेल तर ती उचला.

आणि एक्स४? इथे जुना सापळा आहे. ऑनलाइन दुकानांत ‘ओन्ली फॉर एएमडी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेल्या डीडीआर३च्या स्वस्त पट्ट्या दिसतात. त्यांत एक्स४ चिप असतात, आणि इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना एक्स८ आणि एक्स१६ एवढंच समजतं. यंत्र एएमडीचं असलं तरी अशा पट्ट्यांच्या नादी लागू नये असं माझं मत. उद्या बोर्ड बदलला तर त्या कुणाला विकताही येत नाहीत.

याहूनही जुनं यंत्र असेल, कोअर टू ड्युओच्या काळातला जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड, तर त्याची आणखी एक खोड आहे. त्याला चार जीबीची अशीच पट्टी लागते जिच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप आहेत. आठ चिपांची चार जीबी त्याला ओळखता येत नाही, कारण तेवढ्या दाट चिपा त्याच्या काळात विचारातच घेतलेल्या नव्हत्या. तेव्हा दुकानात चिपा मोजा. खरं सांगायचं तर या बोर्डावर आता पैसे घालू नयेत. घरात पट्टी पडली असेल तर लावावी.

वेगाचा मोह

आता तो मोठा आकडा. ३२००, ३६००, ६०००. खोक्यावर सगळ्यात ठळक तोच छापलेला असतो आणि बजेटवाल्याचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

रॅम चालते ती तिघांपैकी सर्वांत हळू असेल त्याच्या वेगाने: प्रोसेसर, बोर्ड आणि पट्टी. आय३-८१०० अधिकृतपणे २४००पर्यंत जातो, आय५-८४०० किंवा आय५-१०४०० २६६६पर्यंत. एच३१०, एच४१०, एच५१० या स्वस्त चिपसेटांवर अधिकृत वेगाच्या पुढे रॅम नेण्याची सोय नाही. तिथे ३२००ची पट्टी लावली तर ती निमूटपणे खालच्या वेगाने चालेल. चालेल हे महत्त्वाचं, बिघडत काहीच नाही. बऱ्याचदा ३२००ची साधी पट्टी २६६६च्याच भावात मिळते, मग ती घ्यायला हरकत नाही.

गंमत पुढे आहे. रंगीत पत्र्याचं कवच असलेली ३६००ची ‘गेमिंग’ पट्टी घेतली, तर तिचा तो ३६००चा वेग एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये असतो आणि तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन सुरू करावा लागतो. नाही केला तर ती मूळच्या साध्या वेगावर चालते, आणि तो अनेक पट्ट्यांत २१३३ किंवा २४०० असतो. एच३१० बोर्डात एक्सएमपी लागूच होत नाही. म्हणजे महागडी गेमिंग पट्टी २१३३ने चालते आणि तिच्या निम्म्या किमतीची, हिरव्या रंगाची, साधी दिसणारी २६६६ची पट्टी त्याच बोर्डात २६६६ने. एएमडीच्या बी४५० वगैरे बोर्डांवर एक्सएमपी चालतं, तिथे बायोसमधला एक पर्याय सुरू करायचा राहून गेल्यामुळे लोक वर्षानुवर्षं कमी वेगावर यंत्र वापरत असतात. डीडीआर५च्या काळात एएमडीने याला स्वतःचं एक्सपो हे नाव दिलं, काम तेच.

सीएल हा विलंबाचा आकडाही एकटा बघू नये. ३२०० सीएल१६ म्हणजे मागितलेला डेटा यायला सुरुवात होईपर्यंत १० नॅनोसेकंद. ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५. डीडीआर३-१६०० सीएल११चंही १३.७५च. सूत्र सोपं आहे: सीएल गुणिले २०००, भागिले वेग. ऑफिसच्या कामात हा फरक कुणाला ओळखू येणार नाही. गेममध्ये थोडासा येतो. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे का, ते तुम्ही ठरवा. मी मोजणार नाही.

दोन पट्ट्या, बरोबर जागी

वेगापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो तो पट्ट्यांच्या संख्येने. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरकडे रॅमशी बोलण्याचे दोन मार्ग असतात. एकच पट्टी लावली तर एक मार्ग रिकामा पडून राहतो. बँकेत दोन खिडक्या असून एकाच खिडकीवर रांग लावल्यासारखं. डीडीआर४-३२००ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात, विशेषतः रायझनच्या ३२००जी किंवा ५६००जीसारख्या प्रोसेसरवर, हा फरक गेममध्ये लगेच जाणवतो, कारण तिथलं ग्राफिक्स पूर्णपणे याच रॅमवर जगतं.

म्हणून सोळा हवे असतील तर आठ-आठच्या दोन. आज फक्त आठचेच पैसे असतील तर बोर्डावर किती स्लॉट आहेत ते बघा. दोनच असतील तर चार-चारची जोडी घेऊ नका. आठची एक घ्या आणि पुढे दुसरी जोडा, नाहीतर वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील आणि चार जीबीच्या पट्टीला कुणी धड भाव देत नाही.

यंत्रात आधीच चारची एक पट्टी आहे आणि आठची मिळते आहे? इंटेलच्या यंत्रांत हे मिश्रणही बरं चालतं. चार अधिक चार एवढा भाग दोन्ही मार्गांनी जातो, वरचे चार एकाच. बारा जीबी काही वाईट नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत, ही समजूत मात्र सोडून द्यावी. डीडीआर३ आणि डीडीआर४मध्ये साध्या वेगावर त्या बहुतेक वेळा मुकाट्याने नांदतात, दोघींतल्या हळू असलेलीच्या वेगाने. कुरबुर होते ती एक्सएमपी लावून दोन अनोळखी पट्ट्या जोरात पळवायला गेलं की. डीडीआर५ त्या बाबतीत जास्त नखरेल आहे. तिथे एकाच खोक्यातली जोडी घ्यावी आणि चार पट्ट्यांच्या फंदात पडू नये: एएम५च्या रायझन ७०००वर चार पट्ट्या लावल्या की अधिकृत वेग थेट ३६००वर उतरतो. पहिल्यांदा रॅम लावल्यावर एएम५ बोर्ड काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवत बसतो, तेव्हा लगेच बटण बंद करू नका. तो रॅमची ओळख करून घेत असतो.

चार स्लॉटच्या बोर्डात दोन पट्ट्या कुठे लावायच्या? साधारणपणे प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच मार्गावर जातात आणि जोडी घेतल्याचा उपयोगच उरत नाही. मॅन्युअलमध्ये याचं चित्र असतं, एकदा बघून घ्या.

नवी की जुनी

२०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढले आहेत. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिपा, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांसाठीची मागणी एवढी वाढली की त्यांचा माल तिकडे वळला. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने आपला क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या बाजाराकडे पाय वळणं साहजिक आहे, आणि रॅमच्या बाबतीत ते फारसं धोक्याचंही नाही. हार्ड डिस्कसारखे त्यात झिजणारे भाग नसतात. पाच वर्षं ऑफिसात चाललेली सॅमसंग किंवा हायनिक्सची मूळ पट्टी, जी डेल-एचपीच्या यंत्रातून निघाली आहे, ती मला अनोळखी नावाच्या ‘नव्या’ पट्टीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

कारण डीडीआर३मध्ये आज ‘नवी’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक पट्ट्या जुन्या चिपा काढून नव्या पाटीवर बसवलेल्या असतात. वर चकचकीत पत्रा असला की चिपा दिसतही नाहीत. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबवर कंपनीच्या जागी काहीच नसेल, किंवा स्टिकरवर एक नाव आणि तिथे भलतंच असेल, तर समजून जा. ती नोंदही बदलता येते, तेव्हा ती बरोबर आहे म्हणजे माल अस्सल, असं उलटं समजू नये. ‘ऑल मदरबोर्ड सपोर्टेड’ या ओळीला काही अर्थ नाही.

नवी घ्यायची तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्या. रॅमवर मोठ्या कंपन्या अनेक वर्षांची वॉरंटी देतात, पण ती मागायला गेल्यावर बिल आणि नंबर जुळावे लागतात. जुनी घेताना वॉरंटी नसते, म्हणून दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा: चालली नाही तर किती दिवसांत बदलून देणार?

चौथ्या पिढीच्या यंत्रासाठी खर्चाची एक मर्यादाही मनात असू द्या. विंडोज १०ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. लिनक्स टाकून ते यंत्र अजून बरीच वर्षं चालेल, पण त्यात जुन्या पट्टीपलीकडे काही घालू नये. डीडीआर३ची रॅम पुढच्या यंत्रात नेता येत नाही.

लावताना आणि लावल्यावर

वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. स्लॉटच्या क्लिपा उघडा (काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते), खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने समान दाबा, क्लिप आपोआप टक्‌ करून बंद होईपर्यंत. बरेचदा रॅम ‘खराब’ निघते ती केवळ एका टोकाला अर्धवट बसल्यामुळे.

जुनी पट्टी असेल तर सोनेरी कडेवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवण्याचा दुकानदारांचा उपाय खरोखर लागू पडतो. रबराचा भुगा मात्र नीट झाडून मगच पट्टी लावा, स्लॉटमध्ये तो गेला तर नवीच डोकेदुखी. तरीही स्क्रीन आली नाही तर एकच पट्टी ठेवून एकेका स्लॉटमध्ये लावून बघा, मग बायोस रीसेट करा.

यंत्र सुरू झालं, टास्क मॅनेजरमध्ये जीबी बरोबर दिसले, म्हणजे काम झालं असं नाही. सदोष पट्टी दिवसभर गुपचूप चालते आणि भलत्याच वेळी निळी स्क्रीन देते, किंवा कॉपी केलेल्या फाइली बिघडवते, आणि आपण दोष देत राहतो विंडोजला. मेमटेस्ट८६+ हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून यंत्र सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एररच्या रकान्यात शून्य हवं. दोन-चार एररनी काय होतंय, हे इथे चालत नाही. एक एररही खूप झाला. एक्सएमपी लावलं असेल तर ते बंद करून चाचणी पुन्हा घ्या. मग एकेक पट्टी वेगळी तपासा, कोणती खोटी ते कळेल. तीच घेऊन, बिलासकट, बदलीची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.